भुसावळचं बाइंडिंगचं दुकान, जुनं बायबल द्यायचं असेल तर इथेच द्या

भुसावळला चर्चच्या मागच्या गल्लीत बाइंडिंगचं छोटंसं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण काकांना विचारलं तर म्हणाले ताई, कामाचं लिहा, माझं नको. आमच्या आजोबांचं पवित्र शास्त्र दिलं होतं. आजोबा रेल्वेत होते, ड्युटीवरून आले की रोज वाचायचे, त्यामुळे पुठ्ठा निघालेला आणि स्तोत्रसंहितेची पानं तर सरळ हातातच यायची. बऱ्याच ठिकाणी नुसता पाठीला गोंद फासून पुठ्ठा चिकटवून देतात आणि पानं परत सुटतात. काका सगळे फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सोडवतात, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावतात, मग एकेक फर्मा दोऱ्याने शिवून पाठीला कापड लावतात. पुस्तक टेबलावर उघडलं की सपाट राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. मी आणायला गेले तेव्हा काका पुस्तक कागदात गुंडाळतच होते, तेवढ्यात त्यांच्याकडे काम शिकणारा पोरगा हळूच म्हणाला, काका, यशयाच्या मधेच यिर्मया आलाय (बायबलमधली ही एकामागोमाग येणारी दोन पुस्तकं). गिऱ्हाईकासमोर! मला वाटलं आता याला चांगलाच ओरडा बसतो. काकांनी कागद सोडला, पानं चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं, फर्मा मीच मागेपुढे लावला." मग माझ्याकडे वळून, "ताई, चूक माझी आहे, आज देता येणार नाही, परत शिवावं लागेल." झालं, एवढंच. लाईट गेली होती, कामाचा लोड होता, असलं काही नाही. आणि दोरा कापल्यावर सुई त्या पोराच्या हातात दिली, म्हणाले तू लाव, मी बघतो.

दुसऱ्या एका ठिकाणी मला अशाच वेळी ऐकवलं होतं की तुमचं पुस्तक आधीपासूनच तसं होतं. म्हणून हे जास्त जाणवलं.

आपण चर्चमध्ये नम्रतेवर प्रवचनं भरपूर ऐकतो पण आपल्याहून लहान माणसाने चूक दाखवली की खरी परीक्षा होते. मला तिथे उभ्या उभ्या येशूचा शिष्य पेत्र आठवला. अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आल्यावर घाबरून वेगळा बसायला लागला, तर पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, गलतीकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात आहे. पेत्र येशूबरोबर फिरलेला, पौल मागून आलेला, किती लागलं असेल! पेत्र त्यावर काय बोलला ते तिथे लिहिलेलं नाही, पण पेत्राचं दुसरं पत्र, 2 पेत्र 3:15 काढून बघा, तिथे त्याच पौलाला "आपला प्रिय बंधू" म्हटलंय. मनात अढी असती तर असं लिहवलं नसतं.

आणि नम्रता म्हणजे मी कसा नालायक म्हणत बसणं पण नाही हं. येशूला धरलं तेव्हा पेत्राने मी त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, ढसाढसा रडला, तरी येशूने त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही, माझी मेंढरं पाळ म्हणून परत कामाला लावलं. काकांनी पण दहा वेळा सॉरी सॉरी केलं नाही, कात्री घेतली आणि कामाला लागले. मला हे फार मोठं वाटतं, आणि त्या पोराच्या हातात जे गेलं ते नुसतं बाइंडिंग नाही असं माझं ठाम मत आहे.

बाकी, वेळ लागतो, घाई असेल तर जाऊ नका. रेक्झिनमध्ये काळा आणि मरून एवढेच रंग मिळाले. दुसऱ्यांदा शिवायचे पैसे घेतले नाहीत, मी देत होते तरी. सोनेरी अक्षरात नाव टाकून देतात पण स्पेलिंग कागदावर लिहून द्या. रविवारी बंद, आणि नाताळच्या आधी गायनाच्या पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात त्यामुळे दिवाळीच्या आसपासच देऊन टाका.