आठवीचं गणित आणि एआयची शिकवणी: सात महिने वापरल्यावर

इंदूरला रामबागेत मी घरीच आठवीच्या सहा मुलांची शिकवणी घेते. जुलैपासून दोन जुन्या कॉम्प्युटरांवर एआयवालं गणिताचं एक ॲप लावलंय. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

पूर्वीच्या सीडीत चुकलं की 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच यायचं, नि पोरं चारही पर्याय दाबून मोकळी व्हायची. इथे ते चालत नाही. बरोबर उत्तर तुक्काही असू शकतो, आणि येत असूनही हात घसरतो, हे धरून मुलाला किती येतं याचा ॲप हिशेब ठेवतं. (ही युक्ती नवी नाही, 1990च्या दशकात कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी मांडलेली.)

एका मुलीने −3² = 9 लिहिलं. ॲपने उत्तर सांगितलं नाही, विचारलं, "वर्ग कोणाचा करतेस, 3चा की −3चा?" ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग वहीत कंस काढला, खोडला आणि हळूच −9 लिहिलं. मी असते तर आधी ओरडले असते.

आता तक्रार. दुसरा एक पठ्ठ्या (−3)² सुद्धा −9च (खरं उत्तर 9) म्हणून अडून बसला. "आमच्या सरांनी असंच शिकवलंय," असं त्याने ठोकून दिलं, तर ॲप म्हणतं, "माफ कर, तुझं बरोबर आहे." भाषा लिहिणारा भाग शब्दापुढे शब्द जुळवत जातो, आकडेमोड तपासून बघतोच असं नाही, समोरचा ठामपणे बोलला की नमतं घेतो. पोराने त्याच चालीवर अख्खा स्वाध्याय उरकला. मला कळलं ते चाचणीचे पेपर तपासताना.

मराठी भाषा निवडली, तीही फसली. इथल्या शाळेत हिंदीतले 'भिन्न' आणि 'हर' शिकवतात, ॲप म्हणे 'अपूर्णांक' आणि 'छेद'. "काकू, छेद म्हणजे भोक ना?" घरी मराठी बोलणारी मुलं, पण प्रश्न रास्त होता. आता गणित हिंदीत, दटावणं मराठीत.

ऑक्टोबरपासून आधी वहीत सोडवायचं, मगच पडद्यासमोर बसायचं. वेळ दुप्पट लागतो, पालक कुरकुरतात. वर्गणी मात्र एप्रिलपर्यंत भरली आहे. तो पठ्ठ्या हल्ली वही घेऊन येतो आणि विचारतो, "ॲप हो म्हणतंय काकू, पण तुम्ही बघा बरं."