बांधावरची चव ओट्यापर्यंत: गाडीत ठेवायच्या थंड पेट्यांचं परीक्षण

बांधावर उभं राहून कोवळी मटारची शेंग सोलून खाल्ली की शेफ होऊ पाहणाऱ्याच्या डोक्यात लगेच एखादा पदार्थ आकार घ्यायला लागतो. तोच मटार तापलेल्या डिकीत पाच-सहा तास राहिला तर दाण्यातली गोडी उतरते, तो पिठूळ लागायला लागतो आणि मनातला पदार्थ ताटात उतरत नाही. म्हणून शेताशिवारातून माल आणणाऱ्याने चाकूंच्या संचाआधी एक चांगली थंड पेटी घ्यावी. तीन प्रकार मिळतात: बर्फावर चालणारी साधी आइसबॉक्स, गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंख्याचा कूलर आणि गाडीच्याच बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज. आमचा कौल आधीच देतो. जाड भिंतीची २५ ते ३० लिटरची आइसबॉक्स आणि तिच्यासोबत दोन उघडे क्रेट, एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

आइसबॉक्स घेताना रंग आणि चाकं नंतर बघा, आधी भिंत बघा. आत फोम भरलेली ४ सेंटिमीटरची भिंत आणि दीड सेंटिमीटरची थर्मोकोलची भिंत यांत बर्फ वितळण्याचा वेग जवळजवळ तिपटीने बदलतो. झाकणातही फोम असायला हवा. बऱ्याच स्वस्त पेट्यांचं झाकण आतून पोकळ असतं. बोटाने टकटक केलं की ते डब्यासारखं वाजतं. रबरी पट्टी तपासायला कागदाची एक चिंधी झाकणात अडकवून कडी लावा आणि ओढा. चिंधी सहज निघून आली तर त्या जागेतून गरम हवा आत जाणार. चारही बाजूंनी हे करून बघा, कारण बिजागरीची बाजू हमखास सैल असते.

घरी आणल्यावर खरी चाचणी घ्या. पेटीत ३ किलो बर्फ घालून ती सावलीत ठेवा, सहा तास झाकण उघडू नका, मग बूच काढून पाणी मोजा. बाहेर ३०–३५ अंश असताना लिटर-सव्वा लिटर पाणी निघालं तर पेटी चांगली. अडीच लिटरच्या वर गेलं तर ती पाण्याच्या बाटल्या गार ठेवण्यापुरती आहे, तिच्यावर भाजीचा भरवसा ठेवू नका.

बर्फ किती घ्यायचा, याचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो. शेतातून नुकत्याच काढलेल्या भाजीच्या अंगात दिवसाची ऊब असते. १ किलो भाजी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे ५ किलो माल असेल तर दीड किलो बर्फ नुसता ती ऊब काढण्यात जातो. त्यावर भिंतीतून येणाऱ्या उष्णतेसाठी चांगल्या पेटीतही तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास धरा. पाच किलो माल आणि सहा तासांचा परतीचा रस्ता असेल तर ३ किलो बर्फ हवाच. निघण्याच्या आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून ती आतून गार करून ठेवली तर सकाळचा बर्फ पेटीची भिंत थंड करण्यात वाया जात नाही.

सुट्या बर्फापेक्षा एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवलेल्या बऱ्या. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून गळ्याखाली चार बोटं जागा सोडा, नाहीतर बाटली तडकते. जेल पॅकही चालतात, पण त्यांची एक खोड आहे: फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. त्याला चिकटलेलं पान जागच्या जागी गोठतं आणि घरी आल्यावर काळपट, पाणचट होऊन लोंबतं. लोक दोष पेटीला देतात. पॅक किंवा बाटली सुती फडक्यात गुंडाळली की ही अडचण संपते. वितळणारा सुटा बर्फ शून्य अंशांवरच राहतो, त्यामुळे तो पानं गोठवत नाही, पण त्याचं पाणी मात्र सगळीकडे फिरतं. सुटा बर्फ वापरायचा तर तळाला दोन बोटं उंच प्लॅस्टिकची जाळी टाका.

पेटी कशी भरायची, यावरच सगळं अवलंबून आहे. तळाशी बर्फ, त्यावर जाळी, जाळीवर जड आणि थंडी सोसणारा माल: मटार, मक्याची कणसं, गाजर, फ्लॉवर. मक्याकडे विशेष लक्ष द्या. नेहमीच्या गोड मक्यातली निम्म्याच्या आसपास साखर ३० अंशांवर एका दिवसात स्टार्चमध्ये बदलते. शून्याजवळ ठेवला तर हा बदल अगदी हळू होतो. कणीस सोलू नका, हिरवं आवरण तसंच राहू द्या आणि देठाचा भाग बर्फाच्या बाजूला करा. पालकासारख्या पालेभाज्या वरच्या थरात. जुडीचा दोरा सोडून पानं सैल करा, कारण घट्ट बांधलेल्या जुडीच्या मधोमध गारवा पोचत नाही आणि तिथूनच ती पिवळी पडते. पानांवर दव असेल तर आधी झटकून फडक्यावर पसरा. मशरूम कागदी पिशवीत घालून सगळ्यात वर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो आणि ते लवकर बुळबुळीत होतात. उरलेली रिकामी जागा कोरड्या टॉवेलने भरून काढा. आत मोकळी हवा जितकी जास्त, तितकी प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर गरम हवा आत शिरते.

दूध, मासे किंवा मांस घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी पेटीच हवी, निदान घट्ट झाकणाचा डबा तरी तळाला. ५ अंशांच्या वर असा माल दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हे अंदाजाने सांभाळता येत नाही. बाहेर आकडा दाखवणारा तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक बर्फाला न लावता मालाच्या मधोमध खुपसा. पेटीनंतरची सगळ्यात उपयोगी खरेदी हीच.

आता उघडे क्रेट. सगळं थंडीत कोंबलं की चव टिकते, हा समज चुकीचा आहे. टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी आणि बेझिल यांना १० अंशांखालची थंडी मानवत नाही. दोन-तीन तासांत टोमॅटो खराब होणार नाही, पण घरी आल्यावर तो तसाच फ्रिजमध्ये गेला तर काही दिवसांत त्याचा सुवास उतरतो. बेझिल बर्फाला नुसतं टेकलं तरी काळं पडतं. हा माल जाळीदार क्रेटमध्ये, ओलसर सुती कापडाखाली, मागच्या सीटवर एसीच्या हवेत ठेवा. सुवासिक पानांच्या काड्या पेल्याभर पाण्यात उभ्या करून पेला कोपऱ्यात अडकवला की तजेला टिकतो. टोमॅटो एकाच थरात, देठ खाली करून. शेतावरून बाहेरच ठेवलेली अंडी मिळाली तर ती पेटीत घालू नका. थंड झालेलं अंडं गरम हवेत आलं की कवचावर पाणी साचतं आणि त्या ओलाव्यातून जंतू आत जाऊ शकतात. ती सावलीत, कोरडीच आणा. पिकलेल्या फळांच्या वायूमुळे पाला पिवळा पडतो हे खरं, पण चार-पाच तासांच्या प्रवासात त्याने फरक पडत नाही. त्या भीतीने तिसरी पेटी घ्यायची गरज नाही.

शेतात चाखलेली चव आणि घरी पोचलेली चव ताडून बघण्यासाठी प्रत्येक पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून तोडणीची वेळ आणि दोन शब्दांत चव लिहा: ‘गोड, साल पातळ’, ‘शेवटी कडू’. ओट्यावर आल्यावर आधी कच्चंच चाखा. गोडी उतरली असेल तर ठरवलेलं सॅलड सोडून तो माल भाजायला किंवा सूपला घ्या.

सॉकेटवरच्या पंख्याच्या कूलरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशच खाली जातो. उन्हात उभ्या गाडीत ४५ अंश झाले की आत २५ ते ३०, म्हणजे पालकाला काहीच फायदा नाही. शिवाय तो सतत चार-पाच अँपियर ओढत राहतो. या कामासाठी घेऊ नका.

कॉम्प्रेसरचा फ्रिज मात्र खरोखर फ्रिज आहे. बाहेर कितीही ऊन असलं तरी ४ अंश धरून ठेवतो. दूध-मासे आणणाऱ्याला, मुक्कामी जाणाऱ्याला तो जरूर घ्यावासा वाटेल. पण तो आधीच थंड असलेला माल थंड ठेवतो, गरम माल पटकन गार करत नाही. ५ किलो उबदार भाजी ५ अंशांवर आणायला त्याला दोन-तीन तास लागतात. बर्फाला भिडलेली भाजी त्याच्या कितीतरी आधी गार होते. भिंतीला चिकटलेला माल त्यात गोठतो, म्हणून कडेने पुठ्ठा लावा. ‘बॅटरी कमी’ दाखवून तो बंद पडला की लगेच दुकानात नेऊ नका. लायटरच्या सॉकेटपर्यंतची वायर बारीक असल्याने व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही, ती पूर्ण उतरू नये म्हणून फ्रिज बंद करणारं संरक्षण चालू होतं. इंजिन चालू असताना संरक्षणाची पातळी सगळ्यात खालची ठेवा, थांबल्यावर वरची. रोजचा वापर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून फ्यूज घालून बॅटरीवरून जाड वायर ओढून घ्या. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होतं, तेही तपासा. फ्रिजची गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या बाजूला १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पिशव्यांखाली दाबलेला फ्रिज गरम होऊन थांबतो. आणि आडवा करून आणला असेल तर काही तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करू नका.

आइसबॉक्स टिकवायची तर परतल्यावर त्याच दिवशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, रबरी पट्टीची खाच जुन्या टूथब्रशने घासा आणि पेटी झाकण उघडं ठेवून वाळवा. आधी मोडते ती कडी आणि बिजागरी. सुटी कडी, बूच आणि पट्टी मिळेल का, हे घेतानाच दुकानदाराला विचारा. मिळणार नसेल तर तीच पेटी घेण्याचा हट्ट धरू नका.