महाबळेश्वर की उटी? सोलापुरातून निघताना

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ च्या घरात गेला की आमच्याकडं हा वाद ठरलेला. दोन्हीकडं डोंगर, दोन्हीकडं तलाव. पण नुसत्या तलावासाठी जाणार असाल तर थांबा. दोन्ही तलाव माणसानंच बांधलेले: उटीचा इंग्रज कलेक्टर जॉन सलिव्हननं १८२४ च्या सुमारास, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली. सुट्टीत दोन्हीकडं बोटीसाठी रांग. निवांत पाण्याकाठी बसायचं तर आपलं सिद्धेश्वर तळं काय वाईट आहे?

खरा फरक उंचीत आहे. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर, उटी २२४० मीटरवर. त्यामुळं मे महिन्यात महाबळेश्वरला दुपारचं ऊन चटकतं, संध्याकाळ तेवढी छान. उटीला मात्र सोबत नेलेली सोलापुरी चादर रात्री खरोखर अंगावर घ्यावी लागते.

रानही वेगळं. महाबळेश्वरला जांभ्या दगडाच्या पठारावर जांभूळ, हिरड्याची दाट, बुटकी झाडी आणि कड्याखाली एकदम खोल दरी. क्षेत्र महाबळेश्वरात कृष्णेचा उगम. हीच कृष्णा पुढं रायचूरजवळ आपल्या भीमेला भेटते. म्हणून उगमापाशी मला दरवेळी उगीचच घरच्यासारखं वाटतं. उटीला चहाचे मळे, निलगिरीची झाडं आणि आडबाजूला शोला म्हणतात ती घळींतली जुनी जंगलं. शहर मात्र गजबजलेलं, पहिल्या दिवशी निराशा होते.

प्रवासाचं म्हणाल तर महाबळेश्वर पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा करत अंदाजे अडीचशे किलोमीटर. गोंदवल्याला दर्शन होतं, डब्यातली कडक भाकरी न् शेंगा चटणीही संपते. उटीला कोइम्बतूरच्या गाडीत जवळजवळ अख्खा दिवस-रात्र. पण कोइम्बतूरजवळच्या मेट्टुपालयमपासून वर उटीला चढणारी, मधल्या चढाला दातेरी रूळ असलेली ४६ किलोमीटरची छोटी गाडी! तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. तिकीट फार आधी काढा.

तीन दिवस हातात असतील तर महाबळेश्वर, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जुलैत नको: धुक्यात एकही पॉइंट दिसत नाही, बोटिंगही बंद. मे महिन्यातच जायचं आणि आठवडा मोकळा असेल तर उटी. उटीला स्वतःची गाडी नेणार असाल तर ई-पास (गाडीचा ऑनलाइन परवाना) काढा, आणि पाण्याला स्टीलची बाटली घ्या. उटीच्या निलगिरी जिल्ह्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे.