राऊंडक्यूबची जुनी लॅरी थीम गेली, दोन सीझन इलास्टिकवर काढल्यावरचा रिव्ह्यू

आमची लातूरला डाळ मिल आहे, तूर आणि हरभरा. ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मी आणि आमचे मुनीमकाका. मिलच्या नावाचं डोमेन घेतलेलं आहे म्हणून सगळा मेल होस्टिंगवाल्याच्या (ज्याच्या सर्व्हरवर आमचा मेल असतो त्याच्या) राऊंडक्यूबमधेच बघतो, दलालाचे सौदे, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, पार्टीच्या ऑर्डरी, सगळं तिथंच. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, राऊंडक्यूब म्हणजे ब्राउझरमधे उघडणारा मेल, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, २००५ ला सुरू झालेला, आणि कितीतरी होस्टिंगसोबत फुकटात हाच मिळतो. नाव माहीत नसलं तरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलेला असणार.

त्यात लॅरी नावाची थीम, म्हणजे स्क्रीनची मांडणी आणि रंगरूप, होती. २०१२ मधे ०.८ व्हर्जनसोबत आली आणि आम्ही तेव्हापासून तिच्यावरच. काकांनी मेल बघायला शिकले तेच मुळात लॅरीवर, त्याच्या आधी ते फॅक्स आणि फोनवर सगळं करायचे.

मागं जानेवारीत, तुरीची आवक अगदी जोरात चालू होती, सकाळी काकांनी लॉगिन केलं आणि मला हाक मारली, "दादा, हिकडं या बरं, माझी यादी कुठं गेली?" जाऊन बघतो तर सगळाच अवतार बदललेला. डाव्या बाजूला काळी पट्टी, मोठाले आयकॉन, मधे मेलची यादी, उजवीकडं मेल. होस्टिंगवाल्यानं रात्रीतून १.६ व्हर्जन टाकलं होतं, आधी एक मेल नाही मेसेज नाही. मी लगेच सेटिंगमधे गेलो, म्हटलं थीम बदलून देतो काकांना, पण तिथं लॅरीचं नावच नव्हतं, फक्त इलास्टिक नावाची नवी थीम.

आता फरक काय पडला ते नीट सांगतो, कारण ज्याला वाटतं थीम म्हणजे नुसता रंग त्याला हे कळत नाही. लॅरीमधे एक मेल म्हणजे एक ओळ, आणि ओळीत कप्पे: विषय, पाठवणारा, तारीख, साईज, आणि फाईल जोडलेली असली की पिन. आमच्या जुन्या मॉनिटरवर पंचवीसेक ओळी एकदम दिसायच्या. काका काय करायचे, रजिस्टर मांडीवर घ्यायचे, पेनचं टोपण स्क्रीनला लावून एकेक ओळ खाली उतरायचे आणि गाडी नंबर जुळला की रजिस्टरला टिक. ट्रान्सपोर्टवाला विषयातच लिहितो, तूर डाळ फटका, इतके कट्टे, आणि सगळ्यात शेवटी एमएच २४ का २६ जे असेल ते. मेल उघडायची गरजच नाही, वीस गाड्यांचा ताळा दहा मिनिटात.

इलास्टिकमधे एका मेलला दोन ओळी लागतात, वर पाठवणारा आणि तारीख, खाली विषय. कप्पे नाहीतच. यादीचा रकाना अरुंद, म्हणून विषय मधेच तुटतो आणि तुटतो तो नेमका गाडी नंबराच्या आधी. रकाना ओढून रुंद करता येतो, केला, तर मग उजवीकडचा मेल चिंचोळा होतो आणि बिल्टी वाचायला आडवं सरकवत बसावं लागतं. लॅरीत यादी वर आणि मेल खाली असं ठेवता यायचं, रुंदी पूर्ण मिळायची. इलास्टिक ते करूच देत नाही, तिला तीन रकान्यांची एकच मांडणी येते.

दुसरी गोष्ट सॉर्टिंगची. मेलबॉक्स भरत आला की मी साईजच्या कप्प्यावर एक क्लिक करायचो, सगळ्यात जड मेल वर, दोन मिनिटात सफाई. आता यादीच्या वरच्या ऑप्शनमधे जा, खिडकी उघडेल, त्यात साईज निवडा, उतरता क्रम निवडा, सेव्ह करा, आणि काम झालं की परत तेच सगळं करून तारखेवर आणा. होतं, नाही असं नाही. पण आधी जे हाताला न बघता होत होतं ते आता वाचून करावं लागतंय, आणि काकांचं वय सदुसष्ट आहे.

आता दुसऱ्या बाजूचंही मनापासून सांगतो, कारण मी हा विषय बराच वाचला आणि करणाऱ्यांवर नुसतं तोंडसुख घ्यायची माझी इच्छा नाही.

इलास्टिक एका रात्रीत आली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात १.४ सोबत आली, तेव्हा लॅरी आणि तिच्याही आधीची क्लासिक या दोन्ही सोबत ठेवल्या होत्या. काढल्या त्या जुलै २०२२ मधे, १.६ ला. म्हणजे पावणेतीन वर्षं तिन्ही शेजारी शेजारी होत्या. आणि तीन थीम सांभाळायच्या म्हणजे एक नवीन बटण द्यायचं तरी तीन ठिकाणी बसवा, तीन ठिकाणी तपासा. लॅरी ज्या काळात बनली तेव्हा स्क्रीन म्हणजे टेबलावरचा मॉनिटरच, मोबाईलवर तिला बोटानं मोठं करत करत वाचावं लागायचं. इलास्टिक बूटस्ट्रॅपवर (वेबपेज मांडायचं तयार साधन) नव्यानं उभी केलेली, फोनवर आपोआप एका रकान्याची होते. मी मार्केट यार्डात सौदे चालू असताना आडत दुकानात उभ्या उभ्या फोनवरून पार्टीला भाव पाठवतो, हे लॅरीवर मला कधी जमलं नव्हतं. डार्क मोड पण आहे, रात्री अकराला ई-वे बिलाचा मेल बघताना डोळ्याला खरंच बरं वाटतं. यासाठी इलास्टिकला माझे पैकीच्या पैकी मार्क.

आणि जुनंच व्हर्जन लावून ठेवा म्हणणाऱ्यांना एक सांगतो, ते करू नका. राऊंडक्यूबच्या सुरक्षेत २०२३ ला एक भोक सापडलं होतं, युरोपातल्या सरकारी मेलवर त्याच्यातून हल्ले झाले, नुसता मेल उघडून बघितला तरी पुरे होतं. मग जून २०२५ ला आणखी एक निघालं, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ कोडमधे पडून असलेलं, लॉगिन मिळालेला माणूस सर्व्हरवर पाहिजे ते चालवू शकत होता. ते १.६.११ आणि १.५.१० या व्हर्जनमधे बुजवलं. आमच्या मेलमधे पार्ट्यांचे बँक डिटेल आहेत, थीमच्या प्रेमापायी ते उघड्यावर टाकायला मी तयार नाही, आणि अपडेट केलं म्हणून होस्टिंगवाल्याला बोलणारही नाही. न सांगता केलं त्याचा राग आहे, तो वेगळा.

मग माझी तक्रार नेमकी काय? थीम काढली ही नाही. थीम काढली पण तिच्यातलं काम नव्या थीममधे आणलं नाही, ही. लोकांनी हरकती घेतल्या होत्या, कप्प्यांची यादी पाहिजे म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातले बरेच जण दिवसभर मेलसमोर बसणारे लोक होते, आठवड्यातून दोनदा इनबॉक्स उघडणारे नाही. जुनी डिझाईन, रंग, आयकॉन सगळं जाऊ द्या, पण एका ओळीत एक मेल आणि कप्प्यावर क्लिक करून सॉर्ट, एवढं इलास्टिकमधे बसवून मग लॅरीला निरोप दिला असता तर काकांनी दोन दिवसात जुळवून घेतलं असतं. थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचा मेलचा प्रोग्रॅम, त्यांनी २०२३ मधे ११५ व्हर्जनला चेहरामोहरा बदलला, कार्डासारखी यादी आणली, पण टेबलची, म्हणजे कप्प्यांची, यादी पण ठेवली, ज्याला जी पाहिजे ती घ्या. लोकं तिथंही चिडली होती पण काम कुणाचं अडलं नाही.

लॅरी पूर्ण मेलेली नाही हे पण सांगायला पाहिजे. तिचा कोड वेगळ्या रिपॉझिटरीत (कोड ठेवायची ऑनलाईन जागा) ठेवलाय, ज्याचा स्वतःचा सर्व्हर आहे तो कंपोजर नावाच्या टूलनं टाकून घेऊ शकतो, ओपन सोर्सचा हा मोठा फायदा. पण आमच्यासारख्या वर्षाला थोडेफार पैसे भरणाऱ्यांच्या हातात सर्व्हर कुठं असतो. होस्टिंगवाल्याला तीनदा फोन केला, तिकीट टाकलं, उत्तर एकच, सगळ्यांना एकच थीम, वेगळं काही लावत नाही. त्यामुळं राऊंडक्यूबवाले म्हणतात पाहिजे त्यानं लावून घ्या आणि होस्टिंगवाले म्हणतात लावत नाही, आणि मधे मुनीमकाका.

आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्समधे स्टायलस एक्स्टेंशन टाकलं, त्यानं कुठल्याही वेबपेजचं दिसणं आपल्यापुरतं बदलता येतं, आणि भाच्याकडून थोडंसं सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारा कोड) लिहून घेतलं, तो इथंच इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पाठवणारा, विषय आणि तारीख एकाच ओळीत आणली, ओळीतली मोकळी जागा कमी केली, आता माझ्या स्क्रीनवर वीसच्या पुढं मेल दिसतात. सॉर्टिंग मात्र त्यानं होत नाही, ते ऑप्शनमधूनच. काकांच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकलं, आयमॅपनं (सर्व्हरवरचा मेल दुसऱ्या प्रोग्रॅममधे दाखवायची पद्धत) तोच मेलबॉक्स जोडला, टेबल व्ह्यू लावला, कप्प्यांचा क्रम लॅरीत होता तसाच ठेवला आणि अक्षर एक नंबरनं मोठं केलं. पहिल्या दिवशी काकांनी टोपण लावून पहिली पाच गाड्या जुळवल्या आणि म्हणाले, "हां, आता दिसायलंय." फक्त बाहेरगावी असले की त्यांना वेबमेल उघडावा लागतो, तेव्हा अजून मलाच फोन येतो गाडी नंबर विचारायला.

मार्क द्यायचे तर फोनवर वापरणाऱ्याला ५ पैकी ५. टेबलावर बसून दिवसाला शंभर मेलचा ताळा घालणाऱ्याला अडीच, आणि त्यातला अर्धा मार्क त्यांनी लॅरीचा कोड फेकून न देता ठेवला म्हणून. कप्प्यांची यादी ज्या दिवशी इलास्टिकमधे येईल त्या दिवशी मी हा रिव्ह्यू बदलून पाच करीन. तोपर्यंत कुणाच्या ऑफिसात असे मुनीम, अकाउंटंट अडकले असतील तर सांगा, भाच्यानं लिहिलेलं सीएसएस पाठवतो, १.६ वर चालतंय.