छोट्या मिलिंग मशीनवर डीआरओ: बरेच महिने वापरल्यावर

डीआरओ (डिजिटल रीडआउट, म्हणजे टेबलाची जागा पट्ट्यांनी मोजून डिस्प्लेवर आकड्यात दाखवणारं साधन) बसवला की मशीन अचूक होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. ढिली गिब (स्लाइडचा सैलपणा घालवणारी पाचर) ढिलीच राहते, स्क्रूमधला प्ले (आट्यांमधली रिकामी फट) तेवढाच राहतो आणि जोर आला की कॉलम पूर्वीसारखाच वाकतो. टेबल आत्ता कुठे आहे हे मात्र हँडलच्या रेघांवरून ताडावं लागत नाही. ऐकायला हे फार थोडं वाटतं. तरी या मशीनसाठी जे काही घेतलं, त्यात सर्वांत कामाची वस्तू हीच, हे आता खात्रीने सांगू शकतो.

मशीन वर्कबेंचवर मावणारं, बिडाचं, डव्हटेल स्लाइडचं. एक्स (डावी-उजवी) आणि झेडला (वर-खाली) काचेच्या मोजपट्ट्या, वायला (पुढे-मागे) जागाच नव्हती म्हणून चुंबकीय टेप. तिन्हींचं रिझोल्यूशन ५ मायक्रॉन (०.००५ मिमी) आणि सिग्नल ५ व्होल्टचा टीटीएल (साधा डिजिटल) प्रकारचा, त्यामुळे एकाच डिस्प्लेवर चालतात. अशी सरमिसळ करणार असाल तर ९ पिनी कनेक्टरमध्ये कोणत्या पिनेवर काय आहे ते आधी तपासा. प्रत्येक कंपनीची मांडणी सारखी नसते, आणि कनेक्टर बसतो म्हणून जोडणी बरोबर असेलच असं नाही.

आधी प्लेबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडतो. माझ्या स्क्रूचा पिच २ मिमी. ३७.४ मिमी सरकायचं तर १८ पूर्ण फेरे आणि वर १.४. मध्येच कोणी हाक मारली की हा सतरावा होता की अठरावा, इथून सुरुवात. शिवाय दिशा बदलली की आधी प्ले भरून काढायचा. नेहमी एकाच बाजूने यायचं. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा यायचं. डीआरओची पट्टी थेट टेबलाला जोडलेली असते, स्क्रूशी तिचा संबंध नसतो. हँडल रिकामं फिरलं तर आकडा हलत नाही, टेबल हललं तरच हलतो. डावीकडून आलात की उजवीकडून, याने मोजणीत फरक पडत नाही.

मोजणीत पडत नाही, कापताना पडतो. कटर ओढतो त्याच दिशेने टेबल सरकवलं, म्हणजे क्लाइंब मिलिंग केलं, तर टेबल अजूनही प्लेइतकं झटक्याने पुढे जातं. आता ते किती गेलं हे दोन दशांशांपलीकडे वाचता येतं, एवढाच काय तो दिलासा. म्हणून जी स्लाइड वापरात नाही ती लॉक करायची सवय सुटता कामा नये. लॉक आवळताना डिस्प्लेवर लक्ष ठेवा. आकडा दोन-तीन पायऱ्या सरकला तर गिब सैल आहे. माझ्या गिब मी डीआरओ आल्यानंतरच नीट लावल्या, कारण तोवर त्या किती सैल आहेत हे कळायला मार्गच नव्हता.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ पट्टी समांतर करण्यात जातो. ती तिरकी असेल तर माप चुकेल ही भीती जवळजवळ निराधार आहे. ४०० मिमी लांबीत पट्टी १ मिमी तिरकी बसली तरी त्यामुळे येणारा फरक सव्वा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डिस्प्लेच्या एका पायरीहूनही कमी. तरीही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत समांतर करायची, ती वाचणाऱ्या हेडसाठी. काचेच्या पट्टीत हेड आतल्या बेअरिंगवर धावतं. तिरक्या पट्टीत ते एका टोकाला ओढलं जातं, घासतं आणि शेवटी काच खराब करतं.

बिडाची बाजू रंग आणि पुट्टीखाली उंचसखल असते. पट्टी थेट तिच्यावर आवळली तर पिळते. मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट घाला आणि तिच्या कोपऱ्यांत ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) द्या. मग डायल इंडिकेटर (सुईने बारीक फरक दाखवणारं मापक) स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) लावून, टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत, पट्टीची वरची आणि पुढची अशा दोन्ही बाजू जुळवा. बिडात होल मारताना तेल घालायचं नाही, ते कोरडंच कापतात. एम४ च्या आट्यांना ३.३ चा ड्रिल, एम५ ला ४.२ चा. काळी पूड स्लाइडवर उडू न देता व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्या. पट्टीच्या रबरी ओठांचं तोंड खाली किंवा चिप्स उडतात त्याच्या उलट बाजूला हवं. हेडसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अडकणी हेड पक्कं आवळून होईपर्यंत काढू नका, गॅप त्यांनीच ठरतो.

एक्सची पट्टी टेबलाच्या पुढे लावावी की मागे, याला निर्दोष उत्तर नाही. मागे लावली तर ती कॉलमला भिडते आणि वायचा प्रवास कमी होतो. छोट्या मशीनवर तो मुळातच थोडा, त्यातले अडीच सेंटिमीटर गेले तर चांगलंच जाणवतं. पुढे लावली तर लॉकचे स्क्रू आणि स्टॉप झाकले जातात. मी पुढे लावली आणि लॉकसाठी लांब स्क्रू बनवले. स्टॉप गेले ते गेलेच, पण आकडा समोर दिसत असताना त्यांची आठवण क्वचितच येते.

वायच्या चुंबकीय टेपबद्दल माझं मत चांगलं आहे. हवी तेवढी कापता येते, जाडी नगण्य, तेल-पाण्याचं तिला काही वाटत नाही. पोलादाच्या चिप्स मात्र तिला गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशा चिकटतात, त्यामुळे वरची संरक्षक पट्टी आणि एखादं कव्हर हवंच. चुंबकी स्टँड तिच्या जवळ कधीही ठेवायचं नाही.

डिस्प्लेवर बटणं भरपूर, त्यातली मोजकीच हाताखाली येतात. सर्वांत जास्त वापरतो ते अर्धं करण्याचं बटण: एका कडेला एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) लावून झिरो, दुसऱ्या कडेला लावून अर्धं, आणि आकडा शून्य होईपर्यंत टेबल मागे आणलं की जॉबचा मध्य सापडला. एज फाइंडरची त्रिज्या दोन्हीकडे सारखीच असल्याने आपोआप वजा होते. दुसरं पीसीडीचं, म्हणजे होल ज्या वर्तुळावर येतात त्याच्या व्यासाचं. ६० मिमी पीसीडीवर सहा होल हवे असतील तर त्यातलं एक वर्तुळाच्या मध्यापासून एक्सला १५ आणि वायला २५.९८ वर येतं. हा हिशेब मशीन करतं, आपण दोन शून्यांपर्यंत जायचं. पूर्वी अशा जॉबवर निळा रंग, आखणी, पंच एवढं सगळं करावं लागे. आता आखणी करतो ती फक्त ढोबळ चूक पटकन डोळ्यात यावी म्हणून, आणि ती सोडू नये असंच मला वाटतं.

आता मर्यादा. पट्टी मोजते टेबलाच्या कडेला, कटर कापतो मध्ये. अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व हेच: मोजण्याची रेषा आणि मोजायच्या वस्तूची रेषा जितकी दूर, तितका कोनातला छोटासा फरकही मापात मोठा दिसतो. टेबल मधल्या बिंदूभोवती इतकं फिरलं की २०० मिमीवरचं टोक ०.१ ने सरकलं, तर १०० मिमी दूर असलेल्या पट्टीच्या मापात ०.०५ चा फरक आला. ५ मायक्रॉनचं रिझोल्यूशन तिथे काय करणार? झेडला तर हे रोज दिसतं. पट्टी कॉलमच्या बाजूला, स्पिंडल बराच पुढे. स्पिंडल धरणाऱ्या हेडचं लॉक आवळलं की ते हेड किंचित कलतं. डिस्प्लेवर जवळजवळ काहीच हलत नाही, पण कटरखाली ठेवलेला डायल वेगळं सांगतो. खोली महत्त्वाची असेल तर मी लॉक आवळूनच कटर जॉबला टेकवतो, झिरो करतो आणि पुढच्या प्रत्येक पासला तेवढ्याच जोराने आवळतो.

मध्यंतरी स्पिंडल सुरू केला की एक्सचा आकडा आपोआप उड्या मारायला लागला. दोष पट्टीचा नव्हता. केबल मोटरच्या कंट्रोलरला लागून गेली होती आणि डिस्प्लेचं अर्थिंग मशीनच्या बॉडीला जोडलेलं नव्हतं. दोन्ही नीट केल्यावर प्रकार थांबला.

स्वस्तातला पर्याय म्हणजे डिजिटल कॅलिपरच्या तंत्रावर चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पट्ट्या. रिझोल्यूशन ०.०१, बसवायला सोप्या, कोरड्या कामाला पुरतात. कूलंट किंवा तेल आत गेलं की आकडे भरकटतात, आणि बॅटरीवरच्या असतील तर बॅटरी उतरायची ती नेमकी झिरो केल्यावर. महिन्यातून एखाद-दोन जॉब करणाऱ्याने त्या घ्याव्यात, मी अडवणार नाही. झेडला तर त्या खरोखर पुरेशा आहेत.

काचेच्या पट्ट्या मागवताना लांबीकडे नीट बघा. छापलेला आकडा मोजणीच्या लांबीचा असतो. पट्टीचं अंग त्याहून शंभर-दीडशे मिमी लांब भरतं. मशीनचा पूर्ण प्रवास हँडल फिरवून, स्वतः मोजून घ्या. पट्टी प्रवासापेक्षा आखूड निघाली तर हेड टोकाला आपटून फुटतं, आणि लांब निघाली तर काच घरी कापून कमी करता येत नाही.