प्रोग्राम आधीच चालू आहे का? बॅच फाइलमधून बघायला टास्कलिस्ट, पॉवरशेल की लॉक फाइल

बॅच फाइलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड एकामागून एक चालवणाऱ्या साध्या टेक्स्ट फाइलमधून, एखादा प्रोग्राम आधीच चालू आहे का ते बघायचे विंडोजमध्ये चार-पाच रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्ता सुचवणारं कोणीतरी भेटतंच, त्यामुळे नेमका कुठला धरावा यातच वेळ जातो. माझं मत आधीच सांगून टाकायचं तर रोजच्या कामाला टास्कलिस्ट (चालू प्रोग्रामची यादी देणारी कमांड), एकाच नावाच्या बऱ्याच प्रोसेसमधून (चालू प्रोग्राममधून) एक ओळखायची असेल तर पॉवरशेल (विंडोजचं जास्त ताकदीचं कमांड टूल), आणि आपलीच बॅच फाइल दुसऱ्यांदा सुरू होऊ नये एवढंच हवं असेल तर लॉक, म्हणजे एक फाइल अडवून धरणं. डब्ल्यूएमआयसी ही जुनी कमांड नव्या कामात नकोच.

उदाहरण आउटलुकचं धरू. रात्री पीएसटी फाइलची (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) कॉपी काढायचीय, पण क्लासिक आउटलुक उघडं असेल तर ती फाइल त्याच्याच ताब्यात असते आणि साधी कॉपी कमांड फाइल वापरात आहे म्हणून एरर देते. म्हणजे आधी बघणं आलंच.

टास्कलिस्टचा मोठा फायदा म्हणजे ते विंडोजसोबतच येतं, वेगळं काही टाकायला नको, आणि पटकन उत्तर देतं. बरेच जण त्याचं सगळं आउटपुट सरळ फाइंडला (मजकूर शोधणारी कमांड) पाइप करतात, म्हणजे त्याच्याकडे पाठवतात, ते चालतं, पण फाइंड नावाचा तुकडा जुळला तरी सापडलं म्हणतं, म्हणजे "वर्ड.ईएक्सई" शोधायला गेलात तर "विनवर्ड.ईएक्सई" पण जुळतं. म्हणून आधी फिल्टर लावायचा, टास्कलिस्ट /एफआय "इमेजनेम ईक्यू आउटलुक.ईएक्सई", आणि मग फाइंड. आता कोणी म्हणेल फिल्टर लावलाय तर फाइंड कशाला, एररलेव्हल (कमांड संपताना देते तो आकडा, 0 म्हणजे सगळं ठीक) बघू की, तर इथेच लोक फसतात, कारण फिल्टरला काहीच जुळलं नाही तरी टास्कलिस्ट एररलेव्हल 0 च देतं, फक्त एक मेसेज छापतं की अशी प्रोसेस नाही. आणि तो मेसेज शोधायच्या नादाला लागू नका, विंडोजची भाषा बदलली की मेसेज बदलतो, प्रोग्रामचं नाव बदलत नाही, म्हणून नावच शोधायचं.

अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते ती म्हणजे टेबल फॉरमॅटमध्ये टास्कलिस्ट नाव 25 अक्षरांवर कापतं. समजा प्रोग्रामचं नाव त्याहून लांब आहे, तर फिल्टरला ते सापडतं, आउटपुटमध्ये येतं, पण कापलेलं असल्यामुळे फाइंडला पूर्ण नाव सापडत नाही आणि तुमची स्क्रिप्ट छातीठोकपणे सांगते की प्रोग्राम बंद आहे! यावर उपाय एकदम सोपा, /एफओ सीएसव्ही लावा, त्यात पूर्ण नाव येतं. मी तर नाव छोटं असलं तरी सीएसव्हीच लावतो, विचारच करायला नको. मशीनवर सिगविन किंवा गिटची टूल्स पाथमध्ये (विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरच्या यादीत) पुढे असतील तर फाइंड नावाचं भलतंच काहीतरी चालतं, तेव्हा सिस्टम32 मधल्या फाइंडचा पूर्ण पाथ द्या. आणि निकाल बघायला फाइंडच्या पुढे && (सापडलं तर) आणि || (नाही सापडलं तर) वापरा, कंसाच्या ब्लॉकमध्ये %एररलेव्हल% लिहिलं तर त्याची किंमत ब्लॉक सुरू व्हायच्या आधीचीच येते.

रिमोट डेस्कटॉपने बरेच लोक एकाच सर्व्हरवर बसत असतील तर युजरनेमचा फिल्टर पण जोडा, नाहीतर दुसऱ्या कोणाचं तरी एक्सेल उघडं असेल आणि तुमचं काम अडून बसेल.

टास्कलिस्ट कुठे कमी पडतं? जावाचे प्रोग्राम घ्या, अकाउंटिंगचा असो नाहीतर अजून कसला, सगळे जावाडब्ल्यू.ईएक्सई याच नावाने दिसू शकतात, नावावरून काय कळणार. तिथे प्रोसेसची पूर्ण कमांडलाइन (ती कुठल्या कमांडने सुरू झाली ते) बघावी लागते आणि टास्कलिस्ट ती दाखवत नाही. पूर्वी यासाठी सगळे डब्ल्यूएमआयसी वापरायचे, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या 21एच1 पासून ते डेप्रिकेटेड केलंय, म्हणजे यापुढे वापरू नका असं सांगितलंय, आणि विंडोज 11 च्या 24एच2 मध्ये नवीन इन्स्टॉल केलं तर ते आपोआप येत नाही, वेगळं फीचर म्हणून टाकावं लागतं. जुन्या स्क्रिप्ट चालत असतील तिथे चालू द्या, पण बदलायच्या यादीत घ्या.

त्याची जागा पॉवरशेलने घेतलीय. गेट-सिमइन्स्टन्सने विन32_प्रोसेस (चालू प्रोसेसची माहिती) मागवा, त्यात कमांडलाइन मिळते. नुसतं नावच बघायचं असेल तर गेट-प्रोसेस पुरतं, फक्त तिथे नाव .ईएक्सई शिवाय द्यायचं, सकट दिलंत तर चालू असलेला प्रोग्रामही सापडत नाही. एक्झिट कोड (तोच आकडा जो एररलेव्हलमध्ये येतो) आपण ठरवू तो मिळतो, 0 किंवा 1, हे मला फार आवडतं. तोटे दोन, एक म्हणजे पॉवरशेल सुरू व्हायलाच थोडा वेळ घेतं, एकदाच बघायचं तर काही नाही पण दर पाच सेकंदांनी लूपमध्ये बघायचं असेल तर जाणवतं, -नोप्रोफाइल (आपल्या प्रोफाइलच्या सेटिंग्ज न वाचता सुरू करायचा पर्याय) लावून थोडं कमी होतं. दुसरं म्हणजे बॅच फाइलच्या आत अवतरणचिन्हं आणि टक्क्याची चिन्हं सांभाळणं, ते खरंच कटकटीचं आहे.

आता आपलीच बॅच फाइल आधी चालू आहे का हा प्रश्न, हा पूर्ण वेगळा आहे कारण सगळ्या बॅच फाइल सीएमडी.ईएक्सई म्हणूनच दिसतात. टायटल देऊन विंडोच्या नावावरून शोधतात काही जण, पण ॲडमिन म्हणून चालवलं की टायटलच्या पुढे "ॲडमिनिस्ट्रेटर" लागतं आणि जुळणी मोडते. दुसरी पद्धत सुरुवातीला एक फाइल बनवायची आणि शेवटी डिलीट करायची, पण मधेच लाइट गेली तर ती फाइल तशीच राहते आणि मग स्क्रिप्ट कायमची "मी चालू आहे" म्हणत बसते. त्यापेक्षा हँडलवाला लॉक घ्या (हँडल म्हणजे उघड्या फाइलवरचा प्रोग्रामचा ताबा), म्हणजे मुख्य भाग कॉल करताना 9> ने एक लॉक फाइल उघडी धरायची, दुसरी कॉपी तीच फाइल उघडायला गेली की तिला नकार मिळतो, आणि पहिली कशीही मेली तरी विंडोज हँडल स्वतः सोडतं. तपासणं आणि अडवणं एकाच झटक्यात होतं, टास्कलिस्टसारखी बघणं आणि सुरू होणं यांच्या मधे फट राहत नाही. एकच सांभाळा, आतून स्टार्ट कमांडने दुसरा प्रोग्राम सोडला असेल तर तो हँडल सोबत घेऊन जातो, आणि तो बंद होईपर्यंत लॉक सुटत नाही.

फाइल टास्क शेड्यूलरनेच (ठरल्या वेळी काम सुरू करणारं विंडोजचं टूल) चालत असेल तर सेटिंग्ज टॅबमध्ये आधीचं चालू असेल तर नवीन सुरू करू नका हा पर्याय डिफॉल्टच निवडलेला असतो, तेवढ्यावर भागतं. पण कोणी डेस्कटॉपवरून त्याच फाइलवर डबल क्लिक केलं तर शेड्यूलरला त्याचा पत्ता नसतो, असं होण्यासारखं असेल तर लॉक टाकाच.