सिडनीचं काळं कार्ड, पाच महिन्यांच्या वापरानंतर

काल सकाळी मेल आली: तुमच्या व्हाउचरची मुदत महिन्याभरात संपत आहे. कसलं व्हाउचर, तर सिडनी बंदरातल्या दोन तासांच्या कॉफी क्रूझचं, जिच्यावर आमचा पाय कधी पडलाच नाही. धक्क्यावर पोचायला चार मिनिटं उशीर झाला. बोट समोर दोरानं बांधलेली, आणि दारावरचा पोरगा हसत सांगतोय, आता आत घेता येणार नाही. दोघांचे नव्वद डॉलर गेले. सहा मेल केल्यावर पैशांऐवजी हे व्हाउचर आलं, तेही नावावरचं, दुसऱ्याला देता येत नाही. आणि आम्ही आता ठाण्यात! कंपनीचं नाव लिहीत नाही. पण डोकं फिरलं, म्हणून ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मुलीकडे राहून जे खरंच वापरलं त्यावर लिहायला बसलो.

ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिजचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. माझा विषय ओपल कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, मोठ्यांचं ते काळं. ट्रेन, मेट्रो, बस, ट्राम आणि सरकारी फेरीबोट, सगळीकडे हेच. सोनेरी कार्ड तिथल्या ज्येष्ठांचं, अडीच डॉलरमध्ये दिवसभर. मी अडुसष्ट वर्षांचा, पण नुसते पांढरे केस तिथे चालत नाहीत, तिथलं ओळखपत्र लागतं. याचा राग मला पहिला महिनाभर होता.

मग मुलीनं हिशेब समजावला. आम्ही होतो तेव्हा सोमवार ते गुरुवार दिवसाला जास्तीत जास्त १८.७० डॉलर कापत, आणि शुक्रवार ते रविवार फक्त ९.३५. म्हणजे पाचशे-सवापाचशे रुपये. त्यापुढे रात्रीपर्यंत कितीही हिंडा. आम्ही आधी शनिवार-रविवारच धरून चाललो होतो आणि गर्दीत उभ्यानं जात होतो. शुक्रवारही त्यातच येतो हे कळायला दुसरा महिना उजाडला. शुक्रवारी सकाळी साडेनऊनंतर बोटीवर बाहेरच्या बाकावर हवी ती जागा मिळते.

सर्क्युलर की या शहरातल्या मुख्य धक्क्याहून समुद्रकाठच्या मॅनली उपनगराची एक खेप तेव्हा नऊ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे शुक्रवारी जातानाच जवळजवळ दिवसाची हद्द गाठली, येताना चिल्लर, आणि पुढे दिवसभर फुकट. अर्धा तास लागतो. ऑपेरा हाउस इतकं जवळून जातं की त्याच्या फरशा पांढऱ्याशुभ्र नाहीत, सायीच्या रंगाच्या आहेत, हे दिसतं. बंदराचं तोंड येतं तिथे दोन कड्यांच्या मधून उघड्या समुद्राची लाट शिरते आणि बोट आडवी डोलायला लागते. भाऊच्या धक्क्याहून रेवसच्या लाँचनं जन्मभर गेलेल्या माणसाला यात काही विशेष नाही, असं मी म्हणालो, आणि पुढच्याच लाटेला हिनं माझा दंड धरला की मी तिचा, यावर आमचं अजून एकमत नाही. समुद्र फारच खवळला तर फेऱ्या रद्द होतात, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या. एक सापळा आहे. मॅनलीला खासगी जलद बोटही जाते आणि तिच्यावर हेच कार्ड चालतं, पण ते पैसे दिवसाच्या हद्दीत धरत नाहीत. दहा मिनिटं वाचवायला कशाला?

आता मुख्य तक्रार: टॅप. चढताना कार्ड लावायचं आणि उतरतानाही लावायचं. मोठ्या धक्क्यावर फाटक आहे, त्यामुळे विसरता येत नाही. लहान धक्क्यांवर नुसता एक खांब उभा. क्रीमॉर्न पॉइंटला आम्ही मंगळवारी उतरलो, समोर अख्खं शहर पाण्यावर चमकतंय, ही म्हणते "अहो, फोटो काढा ना", आणि खांब राहिला मागे. विसरलं की त्या मार्गाचं सर्वांत जास्त भाडं कापतात. तेव्हापासून कुठेही उतरलो की मी आधी खांब शोधतो, मग देखावा. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही सिडनी नाही, खांब बघायला आलात." बसमध्ये मी शेजारच्या अनोळखी बाईंनाही आठवण केली होती. त्या 'थँक यू डार्लिंग' म्हणाल्या. हिला ते अजून पुरतंय.

आणि एका कार्डावर एकच माणूस. सुरुवातीला दोघांत एक पुरेल असं वाटलं होतं, तसं चालत नाही. आपलं क्रेडिट कार्डही थेट लावता येतं, भाडं तेच, पण आपली बँक परकी चलनाचा आकार वर लावते. म्हणून काळंच घ्या.

या कार्डावर काय काय झालं? परामट्टा उपनगराची बोट, सुमारे दीड तास, पुलाखालून नदीत वर. ओहोटीला ती शेवटपर्यंत जात नाही, अलीकडे उतरवून बसमध्ये घालतात, आमच्या नशिबी तेही आलं. तिथून चालत हॅरिस पार्क, म्हणजे भारतीयांची वस्ती, तिथे वडापाव, घरच्यासारखा नाही पण तीन महिन्यांनंतर नावं ठेवायची इच्छा होत नाही. पुलावरून पूर्वेकडच्या पायवाटेनं चालणं फुकट आहे. कमानीवर चढायचे माणशी काहीशे डॉलर घेतात, मी वरच्या लोकांना खालून हात केला.

टरोंगाला प्राणिसंग्रहालयाचं तिकीट बघून आम्ही फाटकावरूनच उजवीकडे वळलो आणि झाडीतल्या वाटेनं ब्रॅडलीज हेडला गेलो. तिथे 'सिडनी' युद्धनौकेची डोलकाठी उभी केली आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये ज्या जर्मन युद्धनौका 'एमडेन'नं मद्रासवर तोफा डागल्या, तिला नोव्हेंबरमध्ये कोकोस बेटांपाशी याच नौकेनं संपवलं. मद्रासचा हिशेब इथे मिटलेला सापडेल असं वाटलं नव्हतं. मी त्या काठीखाली पाऊण तास बसलो, आणि अख्ख्या मुक्कामातला तोच पाऊण तास मला सर्वांत जास्त आठवतो. एक पैसा लागला नाही.

उन्हाचं मात्र खरं. 'आपण सावळे, आपल्याला काय होतंय' म्हणत टोपीशिवाय बोटीवर बसलो. वारा गार असतो, त्यामुळे कळतच नाही. नाकाची साल आठवडाभर निघत होती. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बाराला वरच्या डेकवर बसू नका.

कार्डाला पाचपैकी साडेचार. अर्धा खांबाचा कापला.

माझ्या कार्डावर सहा डॉलर चाळीस सेंट शिल्लक होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका डिसेंबरात मुलाकडे जाणार आहेत, त्यांना ते दिलं, शुक्रवारचं सांगितलं, खांबाचं दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते क्रूझचं व्हाउचर आमच्या नावावर करून मिळेल का?"